बाबांच्या वाढदिवसाला फ्लेमिंगो वड्या

बाबा रिटायर झाल्यापासून दर थंडीत दुर्बीण घेऊन फ्लेमिंगो बघायला नवी मुंबईत सीवूड्सच्या तळ्यावर नाहीतर ऐरोलीला खाडीवर, त्यामुळे यंदा केक कॅन्सल आणि ओल्या नारळाच्या गुलाबी फ्लेमिंगो वड्या केल्या.

2 वाट्या खोबरं मिक्सरला अगदी बारीक फिरवा, हे स्किप केलंत तर कापताना कडा तुटतात, माझा पहिला घाणा असाच गेला (खाल्ला आम्हीच म्हणा). त्यात सव्वा वाटी साखर, पाव वाटी दूध, मंद गॅसवर ढवळत राहायचं. बीटाचा रस 2 चमचे, पण तो शेवटी शेवटी, मिश्रण कडा सोडायला लागलं की मगच, आधीपासून शिजवलात तर गुलाबी जाऊन विटकरी होतो. 2 चमचे मिल्क पावडर घाला, गोळा झाला की बटर पेपरवर लाटा आणि कोमट असतानाच कापा.

आता मान. एस आकाराची बारीक मान काही टिकत नाही हो, बसलेला, मान अंगावर टेकवलेला पक्षी सरळ पुठ्ठ्यावर काढा, तो कापून वडीवर ठेवून सुरीने फिरवा, पायांची भानगडच नाही. चोचीचं काळं टोक आणि डोळा वितळलेल्या डार्क चॉकलेटने टूथपिकवर, वडी पूर्ण गार झाल्यावर.

फ्लेमिंगोंना गुलाबी रंग खाण्यातूनच येतो, शेवाळं, कोळंबीसारखे बारीक जीव वगैरे. बाबांनी हे वडी खाता खाता परत ऐकवलंच!