मुंबई ते लंडन: विमानाचे अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

अंतर काढताना शहर नव्हे, विमानतळ धरा. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, लंडनचा हीथ्रो विमानतळ ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. चूक होते ती इथेच. लंडनचे रेखांश पश्चिमेचे आहेत, म्हणून वजाबाकी नको, बेरीज करायची: फरक ७३.३२ अंश.

आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा (कॅल्क्युलेटरवरचे sin) गुणाकार करा (०.२५५८). मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन (cos) आणि रेखांश-फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार (०.१६९०). बेरीज ०.४२४८. ज्या कोनाचा कोसाइन एवढा येतो तो ६४.८६ अंशांचा. एका अंशाला १११.२ किमी धरले की उत्तर ७,२१० किमीच्या आसपास येते. एक्सेलमध्ये करत असाल तर अंश आधी रेडियनमध्ये (कोन मोजण्याचे दुसरे एकक) बदला, नाहीतर आकडा भलताच येईल.

हा झाला सर्वांत जवळचा मार्ग. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून तो सापडत नाही. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरा, म्हणजे तो इराणवरून वर चढून निम्म्या वाटेवर जॉर्जियातल्या तिबिलिसीजवळ जातो आणि पुढे युक्रेनवरून लंडनला पोहोचतो हे दिसेल. विमान मात्र नेमके असे जात नाही. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद आहे. वळशासाठी निदान ५ टक्के वाढवा: सुमारे ७,५७० किमी. पाकिस्तानचे किंवा इराणचे आकाश बंद असेल तेव्हा हा वळसा आणखी मोठा होतो आणि तासभराचाही फरक पडू शकतो.

वेळेसाठी विमानाचा वेग ताशी ९०० किमी धरा, पण लगेच भागाकार करू नका. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात जास्तच. जाताना वारा समोरून, म्हणून ८५०ने भागा: पावणेनऊ-नऊ तास. येताना तो पाठीशी, म्हणून ९५०ने: आठ तास. धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे यांचा मिळून अर्धा तास दोन्ही उत्तरांत मिळवा. जाताना साडेनऊ, येताना साडेआठ.

तिकिटावरून हे पडताळता येते. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक छापतात, आणि घोटाळा होतो तो त्यातच. समजा जानेवारीत मुंबईहून दुपारी १ला निघून लंडनला संध्याकाळी ५ला पोहोचता. घड्याळात चारच तास दिसतात. त्यात भारत आणि लंडनच्या घड्याळांतला साडेपाच तासांचा फरक मिळवला की साडेनऊ होतात. परतताना रात्री ९ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११ला उतरलात, तर दिसणाऱ्या १४ तासांतून साडेपाच वजा करा.

उन्हाळ्यात हाच फरक साडेचार तास होतो, कारण मार्चच्या शेवटच्या रविवारी लंडनची घड्याळे तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. या दोन रविवारांच्या आसपास पुढचे जोडविमान असेल, तर मधला वेळ तिकिटावरच्या तारखेनुसारच मोजा.