गिझर उशिरा तापत होता. कॉइल नव्हे, सॉकेट बदलला

गिझर 2000 वॅट, 230 व्होल्टचा. कॉइलचा रोध किती हवा? 230 × 230 ÷ 2000 = साधारण 26.5 ओहम. एमसीबी बंद करून, प्लग काढून मोजला, तेवढाच भरला. म्हणजे कॉइल ठणठणीत.

मग गिझर चालू ठेवून त्याच्या टर्मिनलवर मोजलं: 214 व्होल्ट, 8.1 अँपिअर. गुणाकार 1733 वॅट. बंद असताना सॉकेटवर 230 येत होते, म्हणजे 16 व्होल्ट वाटेतच गळत होते. 16 ÷ 8.1 म्हणजे जवळपास 2 ओहम. 2.5 चौरस मिमी तांब्याच्या 15 मीटर वायरीचा जाऊन-येऊन रोध जेमतेम 0.2 ओहम, तेव्हा बाकीचा सैल जोडातला. तिथे शंभरावर वॅट उष्णता! सॉकेट उघडला तर फेजचं टर्मिनल काळं पडलेलं.

काळी वायर कापून नवीन टोक सोललं, 16 अँपिअरचा सॉकेट बदलला, स्क्रू घट्ट आवळले. आता 228 व्होल्ट, 8.6 अँपिअर.

करंट मोजताना क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा अडकवायचा मीटर) एकट्या फेजच्या वायरीवर लावा. फेज-न्यूट्रल दोन्ही आत घेतल्या तर शून्य दिसतं. आणि नुसत्या बंद सॉकेटवरच्या व्होल्टेजवर विसंबू नका, लोडशिवाय सैल जोडही 230 दाखवतो.