केसांना वास येतोय? शाम्पू बदलण्याआधी या चुका टाळा

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. नागपुरात सीताबर्डीला मेट्रोत चढले, एसीचा गार झोत लागला आणि डोक्याला घट्ट बांधलेला दुपट्टा सोडला. सोडला तसा लगेच परत गुंडाळला. शेजारच्या काकू काही बोलल्या नाहीत, नुसत्या खिडकीकडे वळल्या. वास माझा मलाच आला होता, आणि त्याच दिवशी सकाळी मी न्हायले होते.

पुढच्या महिनाभरात तीन शाम्पू झाले. चौथा आणायला निघाले तेव्हा महाल भागातली मावशी घरी आली होती. तिने खुंटीवरचा दुपट्टा उचलून नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "शाम्पू काहून बदलवते बाप्पा? हा दुपट्टा त धू आधी!"

मावशीचं नाक खरं निघालं. तेव्हापासून केसांना वास येतो असं कोणी म्हटलं की मी आधी विचारते, कसला? आपल्या भाषेत वासाला शब्द काही कमी नाहीत. आंबूस, कुबट, खवट, हिंगट असे चार शब्द घेतले तरी चार वेगवेगळी कारणं हाती लागतात. आंबूस वास बहुधा कापडाचा किंवा हेल्मेटचा, कुबट ओलाव्याचा, खवट तेलाचा आणि हिंगट स्वयंपाकघराचा. कारण न ओळखता शाम्पू बदलत राहिलं की पैसे जातात, वास राहतो.

बिचाऱ्या घामाला उगाच बोल लागतो. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. टाळूवर तेलग्रंथी दाट असतात. त्यांचं तेल, घाम आणि मेलेली त्वचा यांवर तिथले जिवाणू आणि मॅलासेझिया नावाची बुरशी जगते. ही बुरशी तुमच्याआमच्या, सगळ्यांच्याच डोक्यात असते. तेलाचे तुकडे पडून जे उरतं, वास त्याचा येतो. म्हणजे वासाचं मूळ टाळूत. केस तो धरून ठेवतात आणि आपण हललो की पसरवतात.

धुतलेलं डोकं, न धुतलेला दुपट्टा

उन्हात दुपट्टा बांधू नका, असं नागपुरात कोणी सांगू नये. २३ मे २०१३ ला या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, सुरू झाला की डोकं, कान, तोंड बांधल्याशिवाय गाडी काढायची सोयच नाही. चूक बांधण्यात नाही, तोच दुपट्टा आठवडाभर बांधण्यात आहे. सकाळी घाम त्यात मुरतो, दिवसभर तो गाडीच्या डिक्कीत घडी होऊन पडतो, डिक्की भट्टीसारखी तापते आणि संध्याकाळी तोच ऊबदार, दमट कपडा आपण पुन्हा टाळूवर आवळतो. जिवाणूंना आणखी काय हवं?

पातळ सुती कापडाचे तीन-चार दुपट्टे ठेवा आणि रोज बदला. सिंथेटिक स्टोल दिसायला छान, पण घाम शोषत नाही आणि वास सोडत नाही. ऑफिसात पोहोचल्यावर दुपट्टा पर्समध्ये कोंबू नका, खुर्चीच्या पाठीवर पसरा. कोणी हसलं तर हसू द्या.

हेल्मेटचं त्याहून अवघड. आतलं अस्तर निघत असेल तर पंधरा दिवसांतून एकदा काढून कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून हाताने धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. निघत नसेल तर ओल्या फडक्याने पुसून वाऱ्यावर ठेवा. आत सेंट किंवा स्पिरिट मारायचा मोह होतो, पण तो आवरा. अस्तराखालचं थर्मोकोलसारखं कवच अशा द्रवांनी खराब होऊ शकतं, आणि अपघातात डोकं वाचवतं ते तेच कवच. हेल्मेटखाली पातळ सुती रुमाल बांधला की निम्मं काम होतं, कारण रुमाल रोज धुता येतो. घरातल्या पुरुषमंडळींनाही हे वाचून दाखवा. केस बारीक आहेत म्हणून वास येत नाही, हा त्यांचा गोड गैरसमज असतो.

ओले केस बांधणं

मे महिन्यात न्हाऊन गच्चीवर गेलं की दहा मिनिटांत केस खडखडीत. जुलैत त्याच केसांना दुपार होते. हवा बदलते, सवय मात्र तीच राहते: सातला न्हायचं, साडेआठला ओल्याच केसांचा अंबाडा घालून निघायचं. अंबाड्याच्या वरचा थर वाळतो आणि आतला गाभा संध्याकाळपर्यंत ओला राहतो. घरी येऊन केस सोडले की पावसाळ्यात न वाळलेल्या टॉवेलचा वास येतो तो हाच. शाळेत जाणाऱ्या मुलींच्या घट्ट दोन वेण्यांची तर आणखी वाईट गत.

पावसाळ्यात न्हाण्याची वेळच बदला. संध्याकाळी लवकर न्हा, सुती कापडाने केस टिपून घ्या (खसाखसा पुसू नका) आणि पंख्याखाली बोटांनी मुळं मोकळी करा. वाळलं की नाही ते टोकांवरून ठरवू नका. मानेवरच्या आणि कानामागच्या मुळांत बोट घालून पाहा, तिथे सगळ्यात शेवटी वाळतं. सकाळीच न्हाणं भाग असेल तर ड्रायर थंड किंवा मध्यम हवेवर ठेवून फक्त मुळांवर फिरवा.

ओल्या केसांनी उशीवर आडवं होणं हीही तीच चूक, आणि त्यात कुलरची भर. कुलर हवेत ओलावा सोडतो. बाहेर कोरडी लू असते तोवर ते बरं वाटतं, पण पहिला पाऊस पडल्यावरही कुलर सुरू ठेवला तर खोली, उशी आणि केस सगळंच दमट होतं. टाकीतलं पाणी आठवडाभर बदललं नसेल, वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या काळ्या पडल्या असतील, तर तो शेवाळी वास रात्रभर थेट तुमच्या डोक्यावर येतो. टाकी रिकामी करून घासा आणि जुन्या ताट्या बदला. उशीचा अभ्रा उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा धुवा. कंगवाही धुवा, त्याच्या दातांत महिन्याभराचं तेल साचलेलं असतं.

तेलाची बाटली खिडकीत

खवट वास आला की बाटली उघडून हुंगा. तेल ऊन, उष्णता आणि हवेने खराब होतं, आणि आपण ती बाटली ठेवतो न्हाणीघराच्या खिडकीत. खोबरेल त्यातल्या त्यात टिकतं. जवसाचं तेल मात्र फार लवकर खवट होतं. विदर्भात घरोघरी जवस, त्यामुळे केसांना लावायला ते काढून ठेवण्याची हौसही आहे. ठेवायचंच तर थोडं, गडद बाटलीत, फ्रिजमध्ये. चंपीनंतर तेल दोन-तीन दिवस डोक्यात ठेवून वर दुपट्टा बांधला, तर चांगलं तेलही डोक्यावरच बिघडतं. न्हाण्याआधी तासभर पुरे.

कोंड्यावर तेल थापणं ही तर पिढीजात चूक. "कोरडं पडलंय डोकं, तेल लाव" हे वाक्य ऐकलं नाही असं घर नसेल. पण तेलकट कोंड्यामागे बहुतेकदा तीच मॅलासेझिया असते आणि तेलातली स्निग्धाम्लं तिचं खाद्य. खपल्या तेवढ्यापुरत्या बसतात, दोन दिवसांनी वासासकट परत येतात. किटोकोनॅझोल २ टक्के किंवा झिंक पायरिथिऑन असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरा. फेस करून लगेच धुऊन टाकला तर औषधाला वेळच मिळत नाही. टाळूवर तीन ते पाच मिनिटं राहू द्या.

शाम्पू लावताना

शाम्पू टाळूला, कंडिशनर टोकांना. उलट केलं की टाळू तेलकट राहते आणि टोकं झाडूसारखी होतात. घट्ट वेणीवरून फेस फिरवणं म्हणजे न्हाणं नव्हे. बोअरचं पाणी जड असेल तर डोक्याला अंगाचा साबण लावू नका. जड पाण्यात साबणाचा चिकट थर बसतो आणि त्यावर धूळ धरते. रोज न्हायलं की डोक्याला जास्त तेल सुटतं असं म्हणतात, त्यात तथ्य नाही. तेलग्रंथी शाम्पूच्या नव्हे, हार्मोन्सच्या हुकमात असतात. उन्हाळ्यात टाळू तेलकट असेल तर एक दिवसाआड न्हा.

अत्तराचं पांघरूण घालू नका. घामट टाळूवर सेंट मारला की गुलाब आणि घाम असा तिसराच वास तयार होतो, आणि लिफ्टमध्ये तो सगळ्यांत वाईट. सुगंध हवाच असेल तर स्वच्छ केसांच्या टोकांना अगदी जरासा.

संत्र्याची साल आणि सावजी रस्सा

हिवाळ्यात घरी संत्री आली की साल टाकवत नाही. वाळवून शिकेकाईत घालायची पद्धत चांगली आहे, पण साल कडकडीत वाळली पाहिजे. अर्धवट ओली दळून डब्यात भरली तर आत बुरशी धरते आणि तीच आपण डोक्याला चोळतो. शिकेकाई उकळून गाळून घ्या, नाहीतर चोथा मुळांत अडकतो आणि कुबट होतो. लिंबाचा रस टाळूला लावून उन्हात जाणं मात्र कटाक्षाने टाळा. त्यातली काही द्रव्यं उन्हात त्वचा भाजतात आणि काळे डाग पडतात.

घरी सावजी रस्सा व्हायचा असेल तर मसाला परतण्याआधीच केस बांधून सुती कापडाने झाका. फोडणीच्या वाफेत तेलाचे बारीक कण असतात, ते केसांवर बसतात आणि वास सोबत आणतात. न्हायचंच असेल तर स्वयंपाकानंतर न्हा. हा वास उरला तरी मला फारसा खटकत नाही, हे मात्र कबूल करते.

एवढं करून चार आठवड्यांत फरक नाही, किंवा डोक्यात पू, जखमा, जाड पिवळ्या खपल्या, चकत्यांनी गळणारे केस असं काही दिसलं, तर औषधाच्या दुकानातून विचारून आणलेली मिक्स क्रीम लावू नका. त्यांत बहुधा स्टिरॉइड असतं. खाज दबते आणि बुरशी आतून पसरते. नागपुरात असाल तर मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात दाखवा. लहान मुलांच्या डोक्यात चकत्या पडल्या असतील तर वाट पाहू नका, त्याला बऱ्याचदा पोटातून औषध लागतं. जाताना आजवर डोक्याला जे जे लावलं त्याच्या बाटल्या-ट्यूब सोबत न्या, आणि त्या दिवशी तेवढं तेल लावून जाऊ नका. तेलाखाली डॉक्टरांना खपली दिसत नाही.