हर्णैचा सूर्यास्त बघायचाय? मग सूर्यास्ताला येऊ नका

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. पुण्याचं एक कुटुंब दापोलीत जेवून, झोप काढून, चहा घेऊन आरामात निघालं. हर्णै बंदरावर पोचले तेव्हा सव्वासहा वाजले होते. सूर्य बुडालेला, मासळीचा लिलाव आटोपलेला, दीपगृहाचं फाटक बंद. धक्क्यावर बर्फाचं पाणी, दोन मांजरं आणि मी. काका घड्याळ बघत म्हणाले, "अहो, जूनमध्ये आलो होतो तेव्हा सात वाजेपर्यंत उजेड होता!" होता ना. आपल्याकडे नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनअखेर सव्वासातच्या आसपास. तासाभराहून जास्त फरक पडतो.

पाहुण्यांना बंदर, कोळीवाडा आणि दीपगृह फिरवताना हीच चूक मला सगळ्यात जास्त दिसते. सूर्य हा शेवटचा अंक, खेळ चारच्या सुमारास सुरू होतो. साडेतीनला या.

भरती-ओहोटी न बघता येणं

बंदरावरची संध्याकाळ कशी जाईल हे पाणी ठरवतं. ओहोटी असली की होड्या लांब उभ्या राहतात. तिथून मासळी छोट्या होडक्यांनी आणि पाण्यात उतरणाऱ्या बैलगाड्यांनी किनाऱ्यावर आणायची, ही हर्णैची जुनी ओळख. भरतीला तीच जागा पाण्याखाली असते आणि लोक विचारतात, "बैलगाड्या कुठायत?"

यासाठी ॲप लागत नाही, कालनिर्णय पुरे. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार म्हणजे सहा. सकाळी सहाला भरती, संध्याकाळी सहालाही भरती, म्हणजे सूर्यास्ताला पाणी चढलेलं. पौर्णिमेला उत्तर येतं सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास पूर्ण ओहोटी. तिथी पक्षातली धरायची, वद्य पंचमी म्हणजे पाचच, वीस नाही. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुष्कळ.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. पाणी लांबवर ओसरतं आणि भरतीला तितकंच आत चढतं. खडकावर सेल्फीसाठी गेलात तर पाठीमागची वाट बघत राहा. शेवाळलेल्या खडकावर गुळगुळीत तळाची चप्पल घालून जाणारा माणूस आम्हाला लांबूनच कळतो.

लिलावात मधेच घुसणं

लिलाव म्हणजे तुमच्यासाठी मांडलेला बाजार नव्हे. पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग आणि टोपल्या मांडलेल्या असतात. बोली लागते ती अख्ख्या ढिगाची, आणि इतक्या भराभर की नवख्याला आकडा ऐकूही येत नाही. तिथे "अर्धा किलो द्या ना" म्हणू नका. दहा मिनिटं थांबा. ज्या बायकांनी माल उचलला, त्याच बाजूला बसून किरकोळ विकतात. भाव करा, पण लिलावात ऐकलेला आकडा त्यांच्या तोंडावर फेकू नका. बर्फ, हमाली आणि दिवसभराचं बसणं त्यात धरलेलं नसतं.

फोटोचंही तसंच. एका पाहुण्याने न विचारता मोबाइल थेट एका आजीच्या तोंडासमोर धरला. ती टोपलीतून मान वर न करता म्हणाली, "फोटूच काढशील का म्हावरा पन घेशील?" त्याने मुकाट्याने बांगडे घेतले. नंतर तिने स्वतःच पदर नीट करून फोटो काढून घेतला. आधी विचारलं असतं तर बांगडे वाचले असते, पण मग जेवण इतकं चांगलं झालं नसतं.

पाजपंढरी या कोळीवाड्याच्या गल्ल्यांतून फिरताना लक्षात ठेवा, लोकांचं अंगण हीच तिथली वाट आहे. वाळत घातलेल्या मासळीवरून आणि पसरलेल्या जाळ्यांवरून पाय टाकू नका.

दीपगृह शेवटी ठेवणं

दीपगृह किनाऱ्यावरच्या कनकदुर्ग किल्ल्यावर आहे. पायऱ्या फार नाहीत, म्हणून लोक ते शेवटी ठेवतात आणि नेमके तिथेच फसतात. दिवा लागायच्या वेळी आत गर्दी चालत नाही, पाहुण्यांना त्याआधीच खाली उतरावं लागतं. वेळा बदलतात, तेव्हा गाइडला त्याच दिवशी सकाळी फोन करून विचारा. "बघू, जाऊ" असं उत्तर आलं तर दीपगृह धरूच नका.

बंद मिळालंच तर हिरमुसू नका. कनकदुर्गावरूनही समुद्रातला सुवर्णदुर्ग दिसतो. १७५५ साली पेशवे आणि इंग्रजांनी मिळून तुळाजी आंग्र्यांकडून घेतला तोच हा किल्ला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांतही तो आहे. मात्र इंटरनेटवरच्या फोटोसारखा सूर्य रोज किल्ल्यामागेच बुडणार नाही. डिसेंबरात तो बराच दक्षिणेला सरकलेला असतो. आणि रस्त्यालगतच्या गोवा किल्ल्याचा गोवा राज्याशी संबंध नाही, हे दर आठवड्याला एकदा तरी सांगावं लागतं.

सुवर्णदुर्गाची होडी या संध्याकाळीच उरकायचा हट्टही सोडा. किल्ल्यावर धक्का नाही, उतरताना पाय भिजतात आणि अंधारात कुणी नेत नाही. ती सकाळी करा.

चुकीच्या महिन्यात येणं

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, लिलाव नाही, ढगांत सूर्य नाही. गणपतीत आणि शिमग्यातही बऱ्याच होड्या बांधलेल्या असतात.

सूर्य बुडाला की गाडीकडे पळणं

शंभरातले नव्वद लोक हेच करतात आणि अरुंद रस्त्यावर सगळे एकदम अडकतात. वीस मिनिटं बसा. आकाशाचा खरा रंग नंतरच चढतो. मग दीपगृहाचा दिवा लागतो. दोन झोतांमधले सेकंद मुलांना मोजायला सांगा. प्रत्येक दीपगृहाची ही लय वेगळी असते, आणि अंधारात नाखवा त्यावरूनच ओळखतो की समोर हर्णै आहे की दुसरं काही. मुलं आकड्यावरून भांडतात, पुन्हा मोजतात, तोवर रस्ता मोकळा होतो. परतताना पायऱ्यांसाठी टॉर्च जवळ ठेवा. आणि मासे घेतले असतील तर बर्फाचा डबा डिकीत ठेवण्याआधी झाकण दोनदा तपासा.