थायरॉइडच्या स्लाइडवर केंद्रकं मोजताना

पॅथॉलॉजीच्या एमडीला नुकताच प्रवेश घेतलेल्या आणि थिसिसला ‘थायरॉइड एफएनएसीतील केंद्रकांची मोजमापं’ हा विषय मिळालेल्यांसाठी हे लिहितेय. एफएनएसी म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून केलेली तपासणी. नवी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात मी याच विषयावर काम केलं. फोटोवरून मोजमाप करणारं इमेजजे हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पेशंटला जादा सुई टोचावी लागत नाही. पण सगळा डोलारा स्लाइडवर उभा असतो.

पॅपिलरी कार्सिनोमा या थायरॉइडच्या कॅन्सरचं निदान मुळात केंद्रकावरच होतं. ते मोठं, लांबट, फिकट क्रोमॅटिनचं होतं, त्यात खाचा आणि इन्क्लूजन (आत शिरलेल्या पेशीद्रवाचे गोळे) दिसतात. स्पष्ट केसला मोजपट्टी लागत नाही. एफएनएसीच्या रिपोर्टसाठी वापरतात त्या बेथेस्डा वर्गीकरणाच्या सहा गटांपैकी तिसऱ्यात, म्हणजे एयूएसमध्ये (पेशी वेगळ्या दिसतात, पण अर्थ नक्की लागत नाही), आपण अडतो. सुई पुन्हा घालायची की अर्धी ग्रंथी काढायची, हे समोरच्या बाईला सांगायचं असतं. तिथे आकड्यांचा आधार खरंच मोलाचा वाटतो.

सुरुवात एफएनएसीच्या खोलीतूनच करा. ‘आवंढा गिळू नका हं’ म्हणत सुई बाहेर आली की पुढची काही सेकंदं महत्त्वाची. स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला पेशींचा थर, लगेच अल्कोहोलात गेला तर त्याला पॅप हा रंग द्यायचा, हवेत वाळला तर गिम्सा. हवेत वाळताना पेशी काचेवर चपट्या पसरतात, म्हणून त्याच गाठीतली केंद्रकं गिम्सात मोठी भरतात. दोन्हींचे आकडे एका तक्त्यात कधीच घालू नका. आणि जुलैत नेरूळ-बेलापूरच्या दमट हवेत स्मिअर लवकर वाळत नाही, सावकाश वाळलेल्या पेशी आक्रसतात. स्लाइड ताबडतोब पंख्याखाली धरा.

कॅलिब्रेशनला, म्हणजे फोटोतले पिक्सेल मायक्रॉनमध्ये बदलायला, स्टेज मायक्रोमीटर ही मोजपट्टी कोरलेली काच मागून घ्या. त्यावर 1 मिलिमीटरचे 100 भाग असतात, म्हणजे एक घर 10 मायक्रॉनचं. ऑब्जेक्टिव्ह, कॅमेरा किंवा फोटोचं रिझोल्यूशन बदललं की कॅलिब्रेशन नव्याने. मोबाइलच्या झूमवर काढलेले फोटो या कामाला घेऊच नका.

खरं घोडं पेंड खातं ते केंद्रकं निवडताना. नजर आपसूक मोठ्या, ठसठशीत केंद्रकाकडे जाते. म्हणून नियम आधी लिहून ठेवा: फील्डच्या डाव्या कोपऱ्यातून ओळीने जायचं, एकमेकांवर चढलेली आणि फुटकी सोडायची, बाकी एकही गाळायचं नाही. हिस्टोपॅथचा, म्हणजे ऑपरेशनने काढलेल्या गाठीच्या तपासणीचा, रिपोर्ट तोवर झाकलेला हवा. कड गिरवताना फोकस थोडा वरखाली करा, धूसर कडेवर हात बाहेरच जातो. थोड्या स्लाइड काही आठवड्यांनी पुन्हा मोजा आणि दुसऱ्याकडूनही मोजून घ्या. हा भाग वेळखाऊ आहे, आणि माझ्या मते थिसिसचा जीव इथेच आहे.

क्षेत्रफळ, परिघ, गोलाई हे सॉफ्टवेअर देतं. पूर्ण वर्तुळाची गोलाई 1, केंद्रक लांबट झालं की ती उतरते. मात्र नुसत्या सरासरीवर थांबू नका. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या स्तनाच्या एफएनए डेटासेटमध्ये 569 नमुने आहेत. त्यात प्रत्येक मापाची सरासरी आहेच, शिवाय सर्वांत मोठ्या तीन मूल्यांची सरासरी वेगळी दिलेली आहे. थोडीच केंद्रकं बिघडलेली असली तर सरासरी ती गिळून टाकते. खाचा आणि इन्क्लूजन बाह्यरेषेत येतच नाहीत, त्यांचा रकाना स्वतंत्र ठेवा.

स्टॅटिस्टिशियनकडे जाल तेव्हा एक गोष्ट आवर्जून सांगा. 30 पेशंटची प्रत्येकी 100 केंद्रकं म्हणजे 3000 स्वतंत्र नोंदी नव्हेत. एका गाठीतली केंद्रकं एकमेकांसारखीच असणार, त्यामुळे तुलना पेशंटनिहाय करा. ज्या स्लाइडवरून कट-ऑफ, म्हणजे साधी गाठ आणि कॅन्सर यांना वेगळं करणारा आकडा, काढला, त्याच स्लाइडवर तो तपासू नका.

फॉलिक्युलर अ‍ॅडिनोमा ही साधी गाठ आणि फॉलिक्युलर कार्सिनोमा हा कॅन्सर वेगळे करण्याचं आश्वासन सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे थिसिसच्या आराखड्यात, देऊ नका. तो फरक गाठीचं वेष्टण किंवा रक्तवाहिनी भेदली गेली का, यावर ठरतो आणि ते स्मिअरमध्ये दिसत नाही. हाशिमोटोच्या, म्हणजे थायरॉइडच्या ऑटोइम्यून दाहाच्या, केसेसही वेगळ्या काढा: तिथल्या हर्थल या मोठ्या, दाणेदार पेशींची केंद्रकं कॅन्सर नसतानाही मोठी असतात, कधी खाचाही दाखवतात.