घासण्याआधी मळ ओळखा: समईपासून छत्रीपर्यंत

गौरी-गणपती जवळ आले की घरोघरी भांडी माळ्यावरून खाली येतात आणि दंड भरून येईपर्यंत घासाघाशी सुरू होते. मीही कित्येक वर्षं तेच केलं. पुढे हळूहळू उमगलं, की मळ निघत नाही तो बहुतेक वेळा जोर कमी पडतो म्हणून नाही, तर भलतंच काहीतरी लावलेलं असतं म्हणून. तेलाचा चिकटा चिंचेला दाद देत नाही. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार साबणाने हलत नाही. म्हणून घासणी हातात घेण्याआधी एकच विचारायचं: हा मळ कशाचा आहे?

हे सगळ्यात चांगलं समजतं ते पितळी समई घासताना, कारण तिच्यावर दोन मळ एकावर एक बसलेले असतात. खाली धातूचा काळपटपणा आणि वर जळक्या तेलाचा राप. लोक थेट चिंच किंवा पितांबरी लावतात. तेलाच्या थरामुळे ती धातूपर्यंत पोचतच नाही आणि समई पट्ट्यापट्ट्यांनी उजळते. आधी तेल काढायचं, आंबट त्यानंतर.

१. समईचे भाग सुटे करा. बैठक, दांडा, ताटली, वरचा कळस. आटे अडकले असतील तर दहा मिनिटं गरम पाण्यात बुडवून ठेवा आणि मग कापडाने धरून फिरवा.

२. बादलीत कडकडीत पाणी घ्या. लिटरमागे एक चमचा धुण्याचा सोडा आणि थोडा भांड्यांचा साबण घालून सगळे भाग वीस मिनिटं बुडवून ठेवा. वातीच्या खाचेत काजळी घट्ट बसलेली असते, ती खराट्याच्या काडीने काढा. खिळा किंवा सुरी वापरलीत तर कायमचे ओरखडे पडतील.

३. आता धुऊन एक परीक्षा घ्या. ताटलीवर पाणी ओता. पाण्याचे थेंब होऊन ते इकडेतिकडे पळाले तर तेल अजून आहे, दुसरी पायरी पुन्हा करा. पाणी एकसारखं पसरून राहिलं तर धातू उघडा झाला आहे.

४. लिंबाएवढी चिंच गरम पाण्यात भिजवून दाट कोळ काढा, त्यात अर्धा चमचा मीठ घाला आणि काथ्याने किंवा नुसत्या हाताने चोळा. कोकणात यासाठी आमसुलं वापरतात, देशावर आंबलेलं ताक. काम तिन्हींतलं आम्लच करतं, ते काळा थर विरघळवतं. दोन-तीन मिनिटांत समई पिवळीधमक दिसू लागते. उजळली की लगेच धुवा. पितळ आंबटात फार वेळ राहिलं तर त्यातलं जस्त आधी निघून जातं आणि वर तांब्याची गुलाबी झाक उरते.

५. शेवटी पुन्हा एकदा साबणाने धुवा आणि सुती कापडाने तिथल्या तिथे कोरडी करा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. नक्षीच्या खाचांत मीठ आणि आंबट राहिलं की आठवड्याभरात तिथे हिरवा कळंक धरतो.

तांब्याच्या कळशीला हीच रीत लागू पडते. मात्र कल्हई केलेल्या पातेल्याला आतून चिंच-मीठ लावू नका, खरखरीत घासणीही नको. कथिलाचा तो थर अगदी पातळ असतो. मऊ कापड आणि साबण त्याला पुरे. लॅकरचा थर दिलेल्या शोभेच्या पितळी वस्तू फक्त ओल्या फडक्याने पुसा.

चांदीच्या निरांजनाला दात घासायची पावडर किंवा रांगोळी लावायची जुनी सवय आहे. ती खरंच सोडावी, कारण प्रत्येक वेळी थोडी चांदी खरवडली जाते. त्याऐवजी काचेच्या भांड्यात अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरा, गरम पाणी आणि एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घाला, आणि चांदी फॉइलला टेकेल अशी ठेवा. चांदीवरचा काळा थर गंधकाचा असतो. या पाण्यात ते गंधक चांदी सोडून अ‍ॅल्युमिनियमकडे जातं आणि चांदी जागेवरच राहते. पाण्याला किंचित कुजक्या अंड्यासारखा वास येतो, घाबरू नका. मोती किंवा खडे जडवलेले दागिने आणि नक्षी मुद्दाम काळी ठेवलेल्या वस्तू मात्र यात घालू नका.

आता एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आंबट पदार्थ ओट्यावर ठेवून ही कामं करू नका. आमचा ओटा काळ्या कडप्प्याचा आहे. एका दिवाळीला मी लिंबाची अर्धी फोड त्यावर उलटी ठेवली आणि विसरले. संध्याकाळी उचलली तर तिथे फोडीएवढाच गोल, पांढरट, बोटाला खडबडीत लागणारा डाग. तो पुसला जात नाही, कारण तो मळ नव्हेच, दगडच तेवढा खाल्ला गेलेला असतो. कडप्पा, शहाबादी आणि कोटा हे सगळे चुनखडकाच्या जातीचे दगड, आणि संगमरवरही त्यांच्याच कुळातला. आम्लाने ते विरघळतात. अशा फरशीला व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेट क्लीनर कधीच नको. सौम्य साबणाचं पाणी आणि कोरडं फडकं एवढंच. ग्रॅनाइट पुष्कळ सोशीक असतो, पण आंबट सांडलं तर त्याच्यावरूनही लगेच पुसावं.

जे आम्ल ओट्याला खातं, तेच नळावरच्या पांढऱ्या क्षाराला खातं. तो क्षार मुख्यतः चुनखडीचाच असतो. नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा आणि वाटीभर व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवा. शॉवर काढता येत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर भरून ती रबराने त्याच्यावर बांधा. चकचकीत मुलामा दिलेल्या नळांवर हे रात्रभर ठेवू नका. इलेक्ट्रिक किटलीत लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर लिंबूसत्त्व घालून उकळी आणा, वीस मिनिटं तसंच ठेवा, ओतून द्या, आणि मग साधं पाणी एकदा उकळून फेका.

इथे खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याचा सल्ला हमखास मिळतो. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि हातात जवळजवळ साधं खारट पाणी उरतं. वेगवेगळे वापरा. आणि ब्लीच कधीही टॉयलेट क्लीनरबरोबर, फरशीच्या अ‍ॅसिडबरोबर किंवा व्हिनेगरबरोबर मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. एकानंतर दुसरं वापरायचं असेल तर मध्ये भरपूर पाणी ओता आणि खिडकी उघडी ठेवा.

स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्याचा चिकटा म्हणजे तेलाची वाफ आणि धूळ. स्विच बंद करा, शक्य असेल तर वायर काढा आणि पाती सुटी करा. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवली की चिकटा मऊ होऊन जुन्या टूथब्रशने निघतो. पाती अ‍ॅल्युमिनियमची असतील तर सोडा नको, ती काळी पडतात. तिथे भांड्यांचा साबण आणि थोडा जास्त वेळ. छताच्या पंख्याला जुना उशीचा अभ्रा घ्या. पात्यावर मोज्यासारखा चढवायचा, दाबून बाहेर ओढायचा. धूळ अभ्र्यातच राहते, गादीवर पडत नाही.

दुधाचं पातेलं आणि अंड्याची भांडी आधी गार पाण्याने विसळा. गरम पाण्याने त्यातली प्रथिनं आणखी चिकटतात. अ‍ॅल्युमिनियमच्या कुकरमध्ये डब्यांखालच्या पाण्यात लिंबाचं पिळलेलं साल टाकलं तर कुकर आतून काळा पडत नाही, आणि पडलेला असेल तर तेच साल घालून पाणी उकळल्यावर पुष्कळसा उजळतो. स्टीलच्या बाटलीत हात जात नसेल तर मूठभर तांदूळ, थोडं कोमट पाणी आणि साबणाचे दोन थेंब घालून झाकण लावा आणि जोरात हलवा. तरी वास गेला नाही तर दोष बाटलीचा नसतो. झाकणातली रबरी रिंग काडीने उचला. काळपट बुळबुळ तिच्याखाली सापडेल.

घराबाहेरच्या वस्तूंना नियम एकच लावावा, आधी कोरडं आणि मग ओलं. सरकत्या खिडकीच्या खाचेत पाणी ओतलं की मातीचा चिखल होऊन तो कोपऱ्यात बसतो. आधी रंगाच्या जुन्या ब्रशने सुकी माती बाहेर काढा, जमलं तर व्हॅक्यूम लावा, मग ओलं फडकं. डासांच्या जाळीचंही तसंच.

गच्चीतल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरतं. ते साबणाच्या पाण्याने घासून काढा आणि दिवसभर उन्हात ठेवा. सायकलची चेन आधी सुक्या फडक्यात धरून पेडल उलटं फिरवत पुसा, मग साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने घासा. पूर्ण वाळल्यावरच तेलाचा एकेक थेंब प्रत्येक कडीवर सोडा आणि वरचं जास्तीचं तेल पुसून टाका, नाहीतर धूळ त्यालाच चिकटते.

आणि छत्री. सप्टेंबरअखेर ती तशीच गुंडाळून कपाटात जाते आणि जूनमध्ये उघडली की कुबट वास आणि काड्यांवर गंज. ठेवण्यापूर्वी ती उघडून कोमट साबणाच्या पाण्याने आतून-बाहेरून पुसा आणि उघडीच सावलीत दोन दिवस वाळवा. काड्यांच्या सांध्यांवर शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडा. मग सैलसर गुंडाळा, पट्टी आवळू नका, आणि मूठ खाली करून लटकवा.