‘या अभ्यासात मी आहे का?’ : गर्भारपण आणि पाळी गेल्यानंतरचं संशोधन कसं वाचावं

गर्भारपणाबद्दल किंवा पाळी गेल्यानंतरच्या तब्येतीबद्दल ‘नवं संशोधन’ म्हणून काहीही हातात आलं, की वाचण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि स्वतःबद्दल चार ओळी लिहा. वय लिहा. दिवस गेले असतील तर कितवा आठवडा, कितवं बाळंतपण, मागच्या वेळी रक्तदाब किंवा साखर वाढली होती का, ते लिहा. पाळी गेली असेल तर शेवटची कधी आली होती, गर्भाशय आहे की ऑपरेशन करून काढलंय, आणि त्रास नेमका कशाचा होतो, ते लिहा. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. शिकाऊ डॉक्टरांना शोधनिबंध वाचायला शिकवते तेव्हाही सुरुवात इथूनच करते, फक्त ते समोरच्या पेशंटबद्दल लिहितात. पुढचं सगळं वाचन एकाच प्रश्नासाठी करायचं आहे: या अभ्यासातल्या बायका माझ्यासारख्या होत्या का?

बातमीवर थांबू नका, मूळ निबंध शोधा. बातमीत जर्नलचं नाव किंवा संशोधकांची नावं असतात. ती ‘पबमेड’ या वैद्यकीय निबंधांच्या संकेतस्थळावर टाकली की सारांश फुकट वाचायला मिळतो आणि पुष्कळदा पूर्ण निबंधही. निष्कर्ष आधी वाचायचा मोह होतो, तो आवरा. आधी ‘पद्धत’ वाचा आणि पहिला तक्ता उघडा. बहुतेक निबंधांत त्या पहिल्या तक्त्यात भाग घेतलेल्या बायकांचं वय, वजन, आधीचे आजार असा तपशील असतो. हा तक्ता बातमीत जवळजवळ कधीच येत नाही, आणि मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

हार्मोनच्या गोळ्यांचं उदाहरण

पाळी गेल्यानंतर घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांबद्दल अमेरिकेत ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ नावाचा मोठा अभ्यास झाला. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन एकत्र देणारा त्याचा भाग २००२ च्या जुलैमध्ये मुदतीआधीच थांबवला, कारण स्तनाचा कॅन्सर, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. जगभर असंख्य बायकांनी गोळ्या बंद केल्या. आजही पन्नाशीची बाई समोर बसते. रात्री अंगातून वाफा निघतात, कपडे घामाने भिजतात, झोप नाही. आणि म्हणते, “नको डॉक्टर, त्याने कॅन्सर होतो.”

आता तो पहिला तक्ता बघा. बायका १६,६०८. वय ५० ते ७९. सरासरी वय ६३. म्हणजे बऱ्याच जणींची पाळी जाऊन दहा वर्षं उलटून गेली होती. शिवाय अभ्यासाचा प्रश्नच वेगळा होता: या गोळ्यांनी हृदयविकारासारखे आजार टळतात का? अंगातून निघणाऱ्या वाफा थांबाव्यात म्हणून तो केलेला नव्हता. पुढे वयोगटांप्रमाणे आकडे वेगळे काढल्यावर साठीच्या आतल्या, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या बायकांसाठी नफ्या-तोट्याचं गणित बरंच वेगळं निघालं. आजची वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं याच रेषेचा आधार घेतात.

गर्भाशय काढलेल्या १०,७३९ बायकांचा गट वेगळा होता. त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं. तो भाग २००४ मध्ये थांबला, पक्षाघाताचं प्रमाण वाढलं म्हणून. पण त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही. ‘गर्भाशय आहे की काढलंय’ या एका ओळीमुळे तुम्हाला लागू पडणारे आकडेच बदलतात.

टक्क्यांचं काय करायचं

त्याच अभ्यासातला ‘स्तनाच्या कॅन्सरचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो’ हा आकडा गाजला. टक्केवारी दिसली की लगेच विचारा: किती जणींमागे किती? गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांमागे वर्षाला ३० जणींना कॅन्सर झाला, घेणाऱ्यांमध्ये ३८ जणींना. आठ जणी जास्त. या आठ जणींना मी कमी लेखत नाही, पण बाईने निर्णय घ्यायचा तो या आकड्यावर, २६ वर नाही. चांगल्या बातमीलाही हीच कसोटी लावा. त्याच गोळ्यांनी खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं, असं वाचायला मिळतं. प्रत्यक्षात ते दहा हजारांमागे वर्षाला १५ वरून १० वर आलं.

‘संबंध आढळला’ असे शब्द दिसले तर सावध व्हा. १९७६ पासून अमेरिकेतल्या हजारो परिचारिकांची माहिती गोळा होत होती, आणि तिच्यात हार्मोन घेणाऱ्यांना हृदयविकार कमी दिसत होता. पण हार्मोन कोणी घ्यायचे हे त्या बायका आणि त्यांचे डॉक्टर ठरवत होते, आणि आधीपासून ठणठणीत असलेल्या, नियमित तपासणी करणाऱ्या बायका अशा गोळ्या जास्त घेतात. १९९८ मध्ये हृदयविकार असलेल्या २,७६३ बायकांवर दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले होते, एका गटाला हार्मोन आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. फायदा दिसला नाही. पहिल्या वर्षात तर हृदयाचे त्रास वाढले. म्हणून गट कसे पाडले, हे ‘पद्धती’त वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गर्भारपणात: कोण वगळलं, कितवा आठवडा

थॅलिडोमाइड हे औषध १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीला आलं, सकाळच्या मळमळीवर म्हणून गर्भवतींनी घेतलं, आणि १९६१ च्या अखेरीस तिथल्या बाजारातून काढलं. त्यामुळे जगभरात मिळून दहा हजारांहून जास्त बाळं व्यंग घेऊन जन्मली, बहुतेकांचं हातापायांचं. गर्भावर काय परिणाम होतो याची नीट तपासणी झालीच नव्हती. आणि त्यातून धडा काय घेतला गेला? १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी सांगितलं, की दिवस जाऊ शकतील अशा बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घेऊच नका. ते धोरण १९९३ पर्यंत टिकलं. तपासणी कमी पडली म्हणून अपाय झाला, आणि उपाय म्हणून तपासणी आणखी कमी केली. या गोष्टीचा मला आजही राग येतो, कारण माझ्या पेशंट तिची किंमत अजून मोजतात.

म्हणून औषधाच्या माहितीपत्रकात ‘गर्भारपणात पुरेसा अभ्यास नाही’ असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ तेवढाच घ्या. ते औषध घातक आहे असं त्यातून ठरत नाही, आणि सुरक्षित आहे असंही नाही. फिट्स, दमा, थायरॉइडची गोळी केवळ या वाक्यावरून स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: हे घेतलं तर काय होतं हे किती माहीत आहे? आणि बंद केलं तर काय होतं?

आठवडा नेमका बघा. फॉलिक अॅसिडने बाळाच्या मणक्याचं व्यंग टळतं हे १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासाने दाखवलं: गोळी घेतलेल्यांत ५९३ पैकी ६ बाळांना व्यंग, न घेतलेल्यांत ६०२ पैकी २१. पण यातली प्रत्येक बाई अशी होती, की तिच्या आधीच्या एका गर्भात हे व्यंग आढळलं होतं. डोस होता रोज ४ मिलिग्रॅम. इतर बायकांना साधारणपणे ०.४ मिलिग्रॅम सांगतात. बातमीतला डोस उचलून घेतलात तर दहापट घ्याल. आणि बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत मिटते, तेव्हा पुष्कळ जणींना पाळी चुकल्याचं नुकतंच कळलेलं असतं. म्हणून ही गोळी दिवस जाण्याआधीच सुरू करायची असते.

अॅस्पिरिनचंही तसंच. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात प्री-एक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गर्भारपणात रक्तदाब धोकादायक वाढण्याच्या आजाराचा, धोका जास्त असलेल्या बायका तपासणीतून निवडल्या होत्या. ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिलं. ३७ आठवड्यांच्या आत होणारा आजार ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. पूर्ण दिवस भरल्यावर होणाऱ्या आजारात मात्र ठळक फरक पडला नाही. ‘अॅस्पिरिनने प्री-एक्लॅम्प्सिया टळतो’ या वाक्यात यातलं काहीच उरत नाही. गोळी स्वतःहून घेऊ नका; ‘मी जास्त धोक्याच्या गटात येते का?’ एवढं पहिल्या तीन महिन्यांतच विचारा.

अभ्यास किती काळ चालला, तेही बघा. गर्भपात टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या डीईएस या कृत्रिम हार्मोनचा उपयोग नाही, हे १९५३ मध्येच एका चाचणीत दिसलं होतं. तरी ते दिलं जात राहिलं. १९७१ मध्ये कळलं, की ते घेतलेल्या आयांच्या तरुण मुलींना योनीचा एक दुर्मीळ कॅन्सर होतोय. बाळंतपणापर्यंतच पाहणारा अभ्यास हे कधीच सांगू शकला नसता.

वाचत बसू नये अशा वेळा

पाळी जाऊन पूर्ण वर्ष झाल्यावर रक्त दिसलं, अगदी एकच डाग, तर आधी तपासणी. अशा शंभर बायकांत साधारण नऊ जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघतो. बाकीच्यांना नसतो, पण कोण कुठल्या गटात हे तपासल्याशिवाय कळत नाही. गर्भारपणात जोराची डोकेदुखी, नजर अंधुक होणं, बरगड्यांखाली दुखणं, बाळाची हालचाल कमी होणं, अंगावरून रक्त जाणं यापैकी काहीही झालं तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखान्यात जा.

बाळंतपणाची फाइल

गर्भारपण आणि पाळी जाणं हे दोन वेगळे विषय म्हणून वाचले जातात, पण शरीर एकच असतं. ज्यांना प्री-एक्लॅम्प्सिया झाला होता त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असतो. गर्भारपणात मधुमेह झालेल्यांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याची शक्यता कित्येक पटींनी जास्त असते. तरीही पन्नाशीनंतर तपासायला आलेल्या बाईला बाळंतपणात काय झालं होतं, हे फार कमी वेळा विचारलं जातं, आणि विचारलं तर तिला नीट आठवत नाही. बाळंतपणाचे कागद, रक्तदाबाच्या नोंदी, साखरेचे रिपोर्ट, बाळाचं वजन आणि किती आठवड्यांचं जन्मलं, हे सगळं जपून ठेवा. फोटो काढून मुलीकडे किंवा बहिणीकडेही पाठवून ठेवा. हृदयाच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्यांनी विचारलं नाही तरी ती फाइल त्यांच्यासमोर उघडा आणि सांगा, “मला बाळंतपणात बीपी झालं होतं, अमुक आठवड्यात.”